सर्व्हर रूमच्या विजेचं काम कोणाला द्यायचं?

मकरपुरा जीआयडीसीतला कारखाना असो की रावपुऱ्यातली पतपेढी, बडोद्यात आता एखादी सर्व्हर रूम बहुतेकांकडे असतेच. एकेक रॅक (सर्व्हर बसवायचं कपाट) वाढवत काहींचं छोटं डेटा सेंटरही होऊन बसतं. तरी चौकशीचा पहिला प्रश्न तोच येतो: "पॉइंटचा रेट काय?" घराच्या वायरिंगला हा हिशोब ठीक. इथे त्यावरून काहीच कळत नाही.

आधी कागद बघा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा नियमांप्रमाणे असं काम राज्याचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच घ्यायचं असतं. देखरेखीला प्रमाणपत्रधारक सुपरवायझर आणि हाताशी परमिटवाले वायरमन हवेत. परवान्याची मुदत तपासा. ज्याच्या नावावर परवाना आहे तोच काम करणार, की परस्पर दुसऱ्याला देणार, हेही तोंडावर विचारून घ्या.

मग विचारा, ए आणि बी फीडरवर, म्हणजे रॅकला वीज देणाऱ्या दोन वेगळ्या लाइनींवर, क्षमतेच्या किती टक्के लोड ठेवणार? दोन्हीकडे साठ-साठ टक्के म्हणाला, तर काम देऊ नका. रोज सगळं सुरळीत दिसेल. पण एक फीडर गेला की सगळा लोड दुसऱ्यावर येतो आणि तोही ट्रिप होतो. दोन्हींचा मिळून लोड एकाच फीडरला पेलला पाहिजे.

न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना कुठे जोडणार, हेही विचारा. नको तिथे पुन्हा जोडले, तर न्यूट्रलचा करंट अर्थच्या तारेतून फिरू लागतो. पुढे मशीन विनाकारण हँग होतात आणि दोष सॉफ्टवेअरवाल्याला लागतो!

यूपीएसच्या बॅटऱ्या जिन्याखाली ठेवायचा सल्ला मिळाला, तर आमच्या मते तिथेच बोलणं थांबवावं. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. त्यावर दर १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. बडोद्याचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहेच.

चाचणी कोटेशनमध्येच लिहून घ्या. भाड्याची लोड बँक (चाचणीपुरती वीज खेचणारं यंत्र) लावून पूर्ण लोड द्यायचा, मेन बंद करायचा, यूपीएसने तग धरला का आणि जनरेटरने लोड उचलला का ते पाहायचं. नंतर एकेक फीडर पाडून बघायचा. हे तुमच्यासमोर झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. काम आम्ही केलं असलं, तर आमचाही नाही.

दोनच रॅक असतील आणि एखादा दिवस बंद राहिलं तरी चालत असेल, तर दुसऱ्या फीडरचा खर्च कशाला? पाहणीला आम्ही येऊ तेव्हा वर्षभराची वीजबिलं आणि अर्थिंगचा मागचा रिपोर्ट काढून ठेवा.