आरसी गाडीचा बॅटरी कनेक्टर: सोल्डरिंग नवशिक्याच्या टेबलावर कसे आले

रिमोट कंट्रोल गाड्यांचा छंद नव्याने लागलेल्या माणसाच्या हातात सोल्डरिंग आयर्न, म्हणजे कथिलाचे मिश्रण (सोल्डर) वितळवून धातू जोडण्याचे तापते अवजार, येते ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. बॅटरीला एक कनेक्टर असतो, गाडीच्या स्पीड कंट्रोलरला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला) दुसरा, आणि ते एकमेकांत बसत नाहीत. काम दोन वायरींचे दिसते. प्रत्यक्षात सोल्डरिंगची सुरुवात करायला याहून अडचणीची जागा या छंदात शोधूनही सापडणार नाही. वायर जाड असते, कनेक्टरचा धातू उष्णता खेचून घेतो, त्याच्याभोवती मऊ पडणारे प्लास्टिक असते आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला भरलेली बॅटरी. पूर्वी हे काम शिकण्याच्या क्रमात बरेच उशिरा येत असे. आता ते सर्वात आधी येते आणि नवशिक्यांच्या निम्म्या अडचणींचे मूळ या उलटापालटीत आहे.

कथिलाने धातू जोडण्याची कला हजारो वर्षांची आहे, पण या विषयापुरते पाहायचे तर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सुरुवात केली तरी पुरे. विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या तेव्हा घरोघरी पोहोचू लागल्या. पुढे स्थिरावलेला पॅक म्हणजे निकेल-कॅडमियमचे सहा सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट, एकूण ७.२ व्होल्ट, क्षमता १२०० मिलीअँपियर-तास. असा पॅक सहा मिनिटांत संपला तर सरासरी प्रवाह १२ अँपियरचा पडतो. पांढऱ्या प्लास्टिकचा, खटक्याने बसणारा टॅमिया कनेक्टर तेवढ्यासाठी कसाबसा पुरत होता. त्याच्या आतल्या पत्र्याच्या पिना वायरीवर दाबून, म्हणजे क्रिंप करून बसवलेल्या असत. गाडी घेणाऱ्याला सोल्डरिंगशी काही देणेघेणे नव्हते. कनेक्टर कारखान्यातून तयार यायचा आणि तसाच वापरला जायचा.

शर्यतीत उतरणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. ते पॅक विकत न घेता सुटे सेल घेत, मोजून जुळवत आणि तांब्याच्या पट्ट्या सोल्डर करून त्यांचा पॅक बांधत. सेलचे टोक आधी पॉलिश पेपरने घासायचे, फ्लक्स, म्हणजे धातू साफ करून सोल्डर पसरू देणारे द्रव्य, लावायचा, ८० ते १०० वॅटचे रुंद बिटाचे (टोकाचे) आयर्न टेकवायचे आणि दोन-तीन सेकंदांत उचलायचे. जास्त वेळ टेकले तर सेलचे सील जाते, कमी वेळ टेकले तर पट्टी पुढच्या धडकेत सुटते. ‘मोठ्या धातूला मोठे आयर्न आणि थोडा वेळ’ हा धडा तिथे हाताला आपोआप बसत असे. मी या छंदाचा जो काळ सर्वात जवळून पाहिला तो हा, निकेलच्या सेलांचा शेवटचा टप्पा, आणि त्या टेबलांवर तयार झालेल्या हातांबद्दल मला आजही आदर आहे. अशा माणसाला कनेक्टर बदलायला वेगळे शिकावे लागत नव्हते.

कनेक्टर बदलण्याची गरज प्रवाहाने आणली. सेलची क्षमता २००० पार गेली, मग निकेल-मेटल हायड्राइडने ३००० ओलांडले, मोटर अधिक ताकदीच्या आल्या. जोडातून वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एक मिलिओहम रोध असलेल्या जोडात १० अँपियरला ०.१ वॅट उष्णता होते, ६० अँपियरला तीच ३.६ वॅट. जोड खराब असेल आणि रोध पाच मिलिओहम असेल तर १८ वॅट. एवढ्या उष्णतेत छोटे आयर्न तापते. टॅमिया कनेक्टरचे पांढरे प्लास्टिक तपकिरी पडून पिना आतच चिकटलेल्या अनेकांनी पाहिल्या आहेत.

म्हणून १९९० च्या दशकात चपट्या पात्यांचा, टी आकारात मांडलेला डीन्स कनेक्टर शर्यतीच्या गाड्यांत रूढ झाला. पाती स्प्रिंगने एकमेकांवर दाबली जात, संपर्क मोठा मिळे. पण तो क्रिंप होत नसे, वायर पात्याच्या शेपटीवर सोल्डरच करावी लागे. विमाने आणि मोटारगाड्यांच्या वायरिंगमध्ये क्रिंपला पसंती असते आणि त्याला कारण आहे: सोल्डर तारेच्या आत चढते, तेवढा भाग ताठ होतो आणि कंपनाने वायर नेमकी तिथेच तुटते. मात्र चांगल्या क्रिंपला त्या-त्या पिनेचे खास अवजार लागते. छंदाच्या टेबलावर ते नसते, आयर्न असते. त्यामुळे या छंदाने सोल्डरची बाजू घेतली आणि ती आजवर सोडलेली नाही.

डीन्सची शेपटी लहान आणि प्लास्टिकला चिकटून. आयर्न जरा जास्त टेकले की प्लास्टिक मऊ होऊन पाते तिरके होते, आणि मग जोडीदार आत जात नाही. सोल्डर करताना समोरचा कनेक्टर त्यात खोचून ठेवायचा, म्हणजे पाती जागेवर राहतात आणि थोडी उष्णताही तिकडे जाते, ही युक्ती याच काळातली. पुढे त्याच्या नकला निघाल्या. त्यांचे प्लास्टिक आणखी लवकर मऊ पडायचे, आणि ‘मला सोल्डरिंग जमत नाही’ असे समजून बसलेल्या कितीतरी जणांच्या हातात मुळात तो माल होता.

२००५ नंतरच्या काही वर्षांत लिथियम पॉलिमर आली आणि दोन गोष्टी एकदम घडल्या. दोन सेलचा, ७.४ व्होल्टचा पॅक तयार वायरींसह मिळू लागला आणि सुटे सेल बांधण्याचे काम संपले. त्याबरोबर जाड सोल्डरिंगची शाळाही संपली. दुसरीकडे ब्रशलेस, म्हणजे घासणारे कार्बन ब्रश नसलेल्या, मोटरमुळे प्रवाह वाढला. २०१० च्या आसपास पिवळा एक्सटी-६० पसरला. त्यात साडेतीन मिलिमीटरच्या गोल पिना आणि मागे वायरीचे टोक ठेवायला अर्धी वाटी असते. नावातला आकडा ६० अँपियरचा, पण तो थोड्या वेळापुरता. सलग वापराला त्याच्या निम्मा धरावा. ही वाटी नवशिक्यासाठी डीन्सच्या शेपटीपेक्षा कितीतरी बरी, कारण सोल्डर ओघळून जात नाही.

आणि याच वर्षांत सोल्डर बदलले. कनेक्टरच्या इतिहासात हा भाग सहसा एका वाक्यात उरकला जातो, तरी शिकणाऱ्याच्या दृष्टीने तोच सर्वात मोठा आहे.

उपकरणांतल्या शिशावर बंधन घालणारा युरोपातला निर्देश २००३ च्या सुरुवातीला मंजूर झाला आणि १ जुलै २००६ पासून लागू झाला. विक्रीला येणाऱ्या विजेच्या व इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या कोणत्याही एकजिनसी पदार्थात शिशाचे प्रमाण वजनाने ०.१ टक्क्याच्या वर नको, असा नियम. टाकून दिलेल्या उपकरणांतले शिसे जमिनीत आणि पाण्यात जाऊ नये हा हेतू होता आणि तो योग्यच होता. विरोध करणाऱ्यांचेही म्हणणे पोकळ नव्हते. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशाचा फार मोठा भाग लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांत जातो, सोल्डरचा वाटा त्यापुढे किरकोळ. आणि कथिलाचे प्रमाण वाढले की कथिलातून बारीक केसासारखे तंतू फुटून शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. नियम कारखान्यातून विकल्या जाणाऱ्या मालासाठी होता. घरच्या टेबलावर कोणी काय वितळवावे याबद्दल त्यात काही नव्हते. पण बाजार कारखान्यांमागे जातो, आणि दुकानांच्या फळीवर लेड-फ्री, म्हणजे शिसेविरहित, सोल्डरची तार पुढे आली. २०१८ पासून तर युरोपात सर्वसामान्य ग्राहकाला शिसेयुक्त सोल्डर विकण्यावरच बंधन आले.

टेबलावर याचा परिणाम काय झाला ते आकड्यांत पाहावे. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम गोठते. ६०-४० चे थोडे वर, मधल्या काही अंशांत ते खिरीसारखे राहते. लेड-फ्रीपैकी कथील, चांदी आणि तांब्याचे मिश्रण २१७ ते २२० अंशांना वितळते, आणि नुसत्या कथील-तांब्याचे २२७ ला. चाळीसेक अंशांचा हा फरक सर्किट बोर्डावर आयर्नचे तापमान वाढवून निभावता येतो. कनेक्टरवर तो भारी पडतो, कारण तिथे आधीच उष्णता पुरत नसते आणि प्लास्टिकची सहनशक्ती तेवढीच राहिलेली असते. वर, लेड-फ्री सोल्डर धातूवर तितक्या सहज पसरत नाही आणि बिटावरचा लोखंडाचा मुलामा लवकर खातो.

त्याहून मोठे नुकसान शिकवणीचे झाले. ‘चकचकीत जोड चांगला, मळकट जोड ड्राय सोल्डर (नीट न धरलेला)’ हे सूत्र कित्येक पिढ्या शिकवले गेले, आणि शिसे असलेल्या सोल्डरपुरते ते बरेचसे खरे होते. लेड-फ्रीचा उत्तम जोडही बहुधा किंचित मळकट, दाणेदार दिसतो. जुने सूत्र ऐकून आलेला नवशिका चांगला जोड पुन्हा तापवतो, फ्लक्स उडून जातो, प्लास्टिक ढिले होते, आणि तिसऱ्या खेपेला जोड खरोखरच बिघडतो. सूत्र बदलायला हवे होते, ते बदलले नाही. नवी तार आणि जुना सल्ला बरोबरच चालत राहिले. चमक न पाहता कड पाहावी हे आजचे बरोबर सांगणे. सोल्डर वाटीच्या धातूवर उतरत जाऊन पातळ कडेने संपले पाहिजे. कड थेंबासारखी आत वळलेली असेल तर ते नुसते टेकलेले आहे.

शिशाच्या भीतीतही गोंधळ आहे. आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ होण्याचे प्रमाण नगण्य असते. दिसतो तो धूर फ्लक्समधल्या राळेचा, आणि दम्याचा धोका त्या धुराचा आहे, तार लेड-फ्री असली तरीही. शिसे पोटात जाते ते हातावाटे. म्हणून खिडकी उघडी ठेवणे आणि काम संपल्यावर साबणाने हात धुणे, या दोन्ही गोष्टी हव्यात आणि त्या वेगवेगळ्या कारणांसाठी हव्यात. माझे मत विचाराल तर जिथे ६३-३७ कायद्याने मिळते तिथे प्रौढ नवशिक्याने पहिले कनेक्टर त्यानेच करावेत. घरात लहान मुले त्या टेबलाशी खेळत असतील तर लेड-फ्री घ्यावे आणि मोठे आयर्न घ्यावे.

आयर्नचा बदलही इथेच येतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या सरावासाठी मिळणारे २५ वॅटचे, टोकदार बिटाचे आयर्न हे बहुतेकांचे पहिले अवजार. गाडीची वायर मात्र १२ गेजची, म्हणजे सव्वातीन चौरस मिलिमीटरच्या वर तांबे. सिलिकॉनच्या मऊ आवरणात ०.०८ मिलिमीटरच्या सहाशेहून अधिक तारा असतात. टोकदार बिट त्यावर टेकवले की उष्णता वायरीतून निघून जाते, बिट थंड पडते आणि सोल्डर वर गोळा होऊन बसते. असा जोड ओढून काढला की आत काय झाले ते स्वच्छ दिसते: वाटीतल्या सोल्डरमध्ये वायरीच्या टोकाचा गुळगुळीत साचा उरलेला असतो आणि तारांच्या मधल्या फटी कोरड्या असतात. सोल्डर आत शिरलेच नव्हते. साठ वॅटच्या वर, पाच मिलिमीटरच्या चपट्या बिटाने हेच काम तीन-चार सेकंदांचे आहे. वायरीवर आधी टिनिंग, म्हणजे सोल्डरचा पातळ थर, वाटीत आधी थोडे सोल्डर, मग दोन्ही एकत्र तापवायचे. सोल्डरचा मोठा गोळा केल्याने जोड चांगला होत नाही, कारण कथील-शिशाची वीजवाहकता तांब्याच्या जेमतेम आठव्या-नवव्या हिश्शाइतकी. प्रवाह तांब्याला तांबे जवळ भिडल्याने वाहतो, सोल्डर फक्त फट भरते.

गेल्या दशकात हीटर आणि तापमानाचा सेन्सर बिटातच बसवलेली छोटी आयर्न स्वस्त झाली, आणि काही थेट गाडीच्या बॅटरीवर चालतात. तिथे व्होल्टेजकडे लक्ष द्यावे लागते. २४ व्होल्टवर ६५ वॅट देणारे आयर्न १२ व्होल्टवर चौथ्या हिश्शावर, सोळा-सतरा वॅटवर येते. पडद्यावर ३८० अंश दिसतात, आणि वायरीला टेकवताच ते कोसळतात.

कनेक्टर बनवणाऱ्यांनाही ही अडचण उमगली असावी. ईसी-५ सारख्या जातींत पिना प्लास्टिकबाहेर सोल्डर करून नंतर प्लास्टिकच्या कवचात दाबून बसवतात, काही गाड्यांच्या स्वतःच्या कनेक्टरांतही तसेच. प्लास्टिक वितळण्याचा प्रश्न मिटतो, पण दुसरा येतो: श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आकसून जोड झाकणारी नळी) किंवा कवच वायरीवर आधी सरकवायला विसरले की सगळे उकलावे लागते, आणि पिन एकदा आत बसली की चुकीच्या बाजूला बसली तरी बाहेर निघत नाही. मोठ्या व्होल्टेजच्या पॅकसाठी एक्सटी-९० ची ठिणगी रोखणारी जात आली. तिच्या एका पिनेत रोधक असतो, जोडताना प्रवाह आधी त्यातून जातो.

बॅटरीच्या बाजूला काम करण्याचा नियम मात्र लिथियम आल्यापासून तोच आहे. जुना कनेक्टर दोन्ही वायरींसकट एका फटक्यात कापायचा नाही, कारण कात्रीचे पाते दोन्ही वायरींना एकाच वेळी टेकले की शॉर्ट होतो. एक वायर कापायची, सोल्डर करायची, श्रिंक ट्यूब बसवायची, आणि मगच दुसरीला हात लावायचा. बॅटरीकडे नेहमी खाचेचा, संपर्क आत झाकलेला भाग जातो. उघड्या पिनांचा गाडीकडे. ज्यांना एवढ्यात पडायचे नाही ते तयार अ‍ॅडॉप्टर लावतात. त्यात एकाऐवजी दोन कनेक्टर आणि जास्तीचे चार सोल्डर जोड येतात, तेही श्रिंक ट्यूबखाली झाकलेले. पहिल्या फेरीनंतर ते बोटाने चाचपून पाहावे. आजूबाजूच्या वायरीपेक्षा एखादा जोड गरम लागला तर तो कापून नव्याने करावा.