आर्ट सिल्क घेताय? आधी व्हिस्कोस की पॉलिस्टर ते पाहा

बेळगावातल्या वडगाव, खासबाग, शहापूरच्या यंत्रमागांवर ‘आर्ट सिल्क’ (कृत्रिम रेशीम) या एकाच नावाखाली दोन धागे चालतात. व्हिस्कोस लाकडाच्या लगद्यापासून होतो, पॉलिस्टर खनिज तेलापासून. कोनावर (धाग्याच्या गुंडाळीवर) दोन्हींची चमक सारखीच.

ओळखायचं तर साडीतली जर बाजूला काढा आणि ताण्याचा (उभा) व बाण्याचा (आडवा) धागा वेगवेगळा जाळून पाहा, कारण एकाच साडीत दोन्ही असू शकतात. व्हिस्कोस कागदासारखा भरकन जळतो, वासही कागदाचाच, राख भुरभुरीत. पॉलिस्टर आक्रसतो, वितळतो, काळा धूर सोडतो; मागे कडक काळी गाठ राहते. तरी शंका असेल तर धागा भिजवून ओढा. ओल्या व्हिस्कोसची ताकद जवळपास निम्म्यावर येते, पॉलिस्टरची तशीच राहते.

खरा फरक रंगाईत पडतो. व्हिस्कोसला रिॲक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा) ६० अंशांवर देतात आणि तो धाग्यावर चढायला मीठ लागतं. धाग्याच्या १० किलो लड्यांना १५ पट, म्हणजे १५० लिटर पाणी घेतलं आणि लिटरला ५० ग्रॅम मीठ टाकलं, तर साडेसात किलो मीठ होतं. ते धाग्यात राहत नाही, सगळं सांडपाण्यात जातं. चुना-तुरटीने रंग खाली बसतो, विरघळलेलं मीठ बसत नाही. पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी भातशेतीत शिरतं, त्या भागात तरी हे हलक्यात घेऊ नये. ८ पट पाण्यात चालणारं मशीन असेल तर तेच काम ४ किलोत होतं. मीठ एकदम ओतू नका, धागा डागाळतो आणि पुन्हा रंगवावा लागतो. १०-१५ मिनिटांच्या अंतराने तीन हप्त्यांत घाला, धुण्याचा सोडा त्यानंतर घाला. साबणाच्या उकळीआधी साध्या पाण्याने मीठ नीट काढा. खारट पाण्यात सुटा रंग धाग्यातून निघत नाही.

पॉलिस्टरला मीठ लागत नाही. डिस्पर्स रंग (पाण्यात न विरघळता बारीक कणांनी पसरणारा), किंचित आम्लधर्मी पाणी आणि बंद मशीनमध्ये दाबाखाली १३० अंश. इथे भार इंधनावर पडतो. गडद रंगानंतर कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) यांची धुलाई होते, तेही पाणी प्रक्रिया केल्याशिवाय सोडायचं नाही. न ओळखता पॉलिस्टर रिॲक्टिव्ह रंगात टाकला, तर धागा कोरा राहतो आणि अख्खा रंग गटारात.

झाडापासून झाला म्हणून व्हिस्कोस आपोआप स्वच्छ ठरत नाही. तो बनवताना कार्बन डायसल्फाइड वापरतात; ते कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. मात्र मातीत तो कुजतो. पॉलिस्टर कुजत नाही, धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात मिसळतात.

म्हणून मागाजवळ दोन पोती ठेवा, एक व्हिस्कोसच्या चिंध्यांना, एक पॉलिस्टरच्या. शुद्ध पॉलिस्टरच्या चिंध्या वितळवून पुन्हा वापरता येतात, व्हिस्कोस मिसळला की ते अवघड होतं. कांडीवर उरलेला धागाही तसाच वेगळा टाका, आणि पॉलिस्टर चुलीत किंवा उकिरड्यावर जाळू नका.