सिफिलीसची तपासणी अन् इलाज सरकारी दवाखान्यात: वय किती लागतं, कागदं कोणती, जायचं कुठं

सिफिलीस पूर्ण बरा होतो आणि लवकर सापडला तर बहुतेकांना पेनिसिलीनचं एकच इंजेक्शन पुरतं, तेही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण सतरा-अठरा वर्षांची पोरंपोरी मोबाईलवर काहीबाही वाचून घाबरतात, घरी सांगता येत नाही म्हणून मेडिकलवरून एखादी ट्यूब आणून लावत बसतात अन् तेवढ्यात महिना निघून जातो. ट्यूबनं हा आजार जात नाही.

आधी आजार थोडक्यात. गावाकडं याला गरमी म्हणतात, हा जंतूचा आजार आहे आणि मुख्यतः लैंगिक संबंधातून लागतो, त्यात तोंडानं केलेला संबंधही आला. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी (कुणाला दहा दिवसांत तर कुणाला तीन महिन्यांनी) लिंगावर, योनीजवळ, गुदाजवळ किंवा तोंडात एक फोड किंवा जखम होते, ती बहुतेकदा दुखत नाही, जांघेत अवधान येऊ शकतं. मग ती जखम तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते आणि इथंच सगळी फसगत होते, माणसाला वाटतं बरं झालं पण जंतू रक्तात तसाच असतो. पुढं काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येतं, तळहात-तळपायावर चट्टे येतात, ताप, घसा दुखणं, केस पुंजक्यानं गळणं असं काहीही होतं, तेही जातं, आणि मग वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. इलाज नाही केला तर काहींना दहा-वीस वर्षांनी हृदय, मेंदू, डोळे यांच्यावर येतं. एका ताटात जेवल्यानं, संडास एक वापरल्यानं, विहिरीत सोबत पोहल्यानं किंवा एकमेकांचे कपडे घातल्यानं हा आजार लागत नाही.

आता जायचं कुठं. जिल्हा रुग्णालय, बरीच उपजिल्हा रुग्णालयं आणि मेडिकल कॉलेजचे दवाखाने, म्हणजे संभाजीनगरची घाटी, नांदेडचं विष्णुपुरी, लातूर, अंबाजोगाईचं स्वाराती, इथं सुरक्षा क्लिनिक असतं, लैंगिक आजारांसाठीच काढलेलं. ते शक्यतो त्वचा व गुप्तरोग विभागात किंवा बायकांसाठी स्त्रीरोग विभागात बसतं. जोरानं विचारायची लाज वाटत असेल तर खिडकीवर नुसतं "स्कीनच्या डॉक्टरला दाखवायचंय" म्हणा, बाकीचं आत सांगा, एवढं पुरतं. तालुक्याला ग्रामीण रुग्णालयात एचआयव्ही तपासणीचं आयसीटीसी केंद्र असतं, तिथले समुपदेशक नीट वाट दाखवतात. आणि १० ते १९ वयाच्या पोरांसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मैत्री क्लिनिक आहेत, पाळी, अंगावरून जाणं, हस्तमैथुन, मनातली भीती, काहीही तिथं बोलता येतं. कुठं जावं तेच कळत नसेल तर १०९७ ला फोन लावा, फुकट आहे, नाव सांगायची गरज नाही.

पात्रता म्हणाल तर अट काहीच नाही. लग्न झालेलं असो नसो, पोरगा असो पोरगी असो, जात, उत्पन्न, रेशनकार्डाचा रंग, रहिवासी दाखला, यातलं काही लागत नाही. दुसऱ्या जिल्ह्यातून आलात तरी चालतं. ओळखीचं कुणी भेटंल म्हणून परभणीचा पोरगा नांदेडला जाऊन दाखवत असेल तर त्यात काहीच चूक नाही.

कागदपत्रं पण जवळपास नाहीतच. आधार असलं तर न्या, आजकाल केस पेपर काढताना विचारतात, आभा कार्ड म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य कार्ड, त्यासाठीचा क्यूआर स्कॅन केला तर रांग वाचते, पण दोन्ही नसलं तरी नाव, वय, गाव सांगून केस पेपर निघतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे. मेडिकल कॉलेजचे दवाखाने वेगळ्या खात्याकडं येतात त्यामुळं तिथं केस पेपरची थोडी फी पडू शकते, सुरक्षा क्लिनिकची औषधं मात्र तिथंही फुकटच. आधी कुठं रक्त तपासलं असेल, गोळ्या घेतल्या असतील तर ती चिठ्ठी सोबत ठेवा.

वयाचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या, कारण इथं अर्धवट माहितीवर पोरं अडकायलीत. १८ पूर्ण असेल तर एकटं जायचं, स्वतःच सही करायची, आईबापाला कुणी फोन करत नाही. १८ च्या आत असाल तर माहिती आणि समुपदेशन एकट्याला मिळतं पण रक्ताची तपासणी अन् इंजेक्शनसाठी आई, बाप किंवा पालकाची संमती मागतात. बापाला सांगायची हिंमत होत नसेल तर आईला, मावशीला, मोठ्या बहिणीला आधी सांगा आणि समुपदेशकाला म्हणा की घरच्यांशी बोलायला मदत करा, हे त्यांचं कामच आहे.

दुसरी गोष्ट पोक्सोची, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याची, लपवून फायदा नाही म्हणून स्पष्ट लिहितो. १८ च्या आतल्या कुणाशीही लैंगिक संबंध हा कायद्यानं गुन्हा धरला जातो, दोघांची मर्जी असली तरी, आणि डॉक्टरला ते कळलं तर पोलिसांना कळवणं त्याला बंधनकारक आहे. म्हणून काही जण वय खोटं सांगतात. तसं करू नका, आजार अंगात तसाच राहण्यापेक्षा समुपदेशकाशी सरळ बोलणं बरं, पुढं काय काय होणार ते आधीच विचारून घ्या. आणि कुणी जबरदस्ती केली असेल, घरातल्याच माणसानं केली असेल, तर दवाखान्याला आधी एफआयआर आणा, पोलिसांची चिठ्ठी आणा असं म्हणता येत नाही, उपचार लगेच आणि मोफत द्यावाच लागतो, खाजगी दवाखान्यालासुद्धा. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची असते आणि तिच्या भरवशाचं माणूस सोबत थांबू शकतं. अशा वेळी ७२ तासांच्या आत पोचलात तर एचआयव्ही टाळायच्या गोळ्याही सुरू करता येतात, म्हणून उद्यावर टाकू नका. लेकरांसाठी १०९८ नंबर चोवीस तास चालू असतो.

आत गेल्यावर डॉक्टर पडद्याआड जखम बघतात, कधी संबंध आला, कुणाशी, असं विचारतात, ते इलाज ठरवायला लागतं, पंचाईत म्हणून नाही. मग रक्त घेतात. पहिली टेस्ट शक्यतो व्हीडीआरएल किंवा आरपीआर, पक्कं करायला टीपीएचए. सोबत एचआयव्हीची तपासणी सुचवतात, ती तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं तो रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. जखम नवीन असेल तर रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून कधी कधी डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता जखमेवरूनच पांढरा किट देतात. सुरक्षा क्लिनिकमधी रंगावरून किट असतात, पांढऱ्यात पेनिसिलीनचं इंजेक्शन अन् अ‍ॅझिथ्रोमायसिनची गोळी असते.

इंजेक्शन म्हणजे बेंझाथीन पेनिसिलीन २४ लाख युनिट, निम्मं निम्मं दोन्ही कुल्ल्यांत देतात. दुखतं, खोटं कशाला सांगू, पण दोन-तीन दिवसांत ठीक होतं. पूर्वी कधी पेनिसिलीननं अंगावर गांधी उठल्या असतील, श्वास कोंडला असेल तर सुई घ्यायच्या आधी सांगाच, अशांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांचा कोर्स देतात, गरोदर बाईला सोडून. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसा. त्याच दिवशी ताप, अंगदुखी आली तर घाबरू नका, जंतू मरताना तसं होतं, एका दिवसात उतरतं.

आजार एक-दोन वर्षांपेक्षा जुना असेल किंवा कधी लागला तेच माहीत नसेल तर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं लागतात, आणि आपल्याकडं नेमकं इथंच सुटतं. बीड, धारूर, आष्टी, पाटोदा या भागातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातात, पहिलं इंजेक्शन गावाकडं झालं अन् बाकीची राहिली की मोठा खंड पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागू शकतं. फडावर जाण्याआधी डॉक्टरकडून डोस, तारीख लिहून घ्या, तिकडच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात तो कागद दाखवून पुढचं इंजेक्शन घेता येतं. कमी वयात लग्न झालेली पोरगी पहिलटकरीण असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच आशाताईकडं नाव नोंदवा, गरोदरपणात ही तपासणी होतेच, वेळेत पेनिसिलीन मिळालं तर बाळ वाचतं, नाहीतर पोटातच दगावतं किंवा आजार घेऊन जन्मतं. नवऱ्याचीही तपासणी त्याच वेळी झाली पाहिजे, नुसत्या बाईला सुई देऊन काही उपयोग नाही, तिला परत लागतो.

जोडीदाराचं हेच सगळ्यांना लागू आहे. मागच्या तीन महिन्यांत ज्याच्याशी संबंध आला त्यालाही दवाखान्यात पाठवा, त्याला काही दिसत नसलं तरी. इंजेक्शननंतर निदान सात दिवस आणि जखम पूर्ण भरेपर्यंत संबंध नको. या आजाराची लस नाही, एकदा होऊन गेला म्हणून परत होत नाही असंही नाही. कंडोम सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, प्रत्येक वेळी वापरला तर धोका बराच कमी होतो, पण कंडोमनं न झाकलेल्या जागी जखम असेल तर तिथून लागू शकतो, म्हणून जखम दिसली की थांबायचं.

सहा महिन्यांनी अन् वर्षानं व्हीडीआरएल पुन्हा करा, रिपोर्टमधला आकडा चौपट उतरला म्हणजे १:३२ चा १:८ किंवा त्याखाली आला तर इलाज लागू पडला. टीपीएचए मात्र बऱ्याच जणांचा बरं झाल्यावरही जन्मभर पॉझिटिव्हच येतो, त्यामुळं उद्या नोकरीच्या मेडिकलमधी हा विषय निघाला तर दाखवायला इंजेक्शनच्या तारखा लिहिलेला केस पेपर अन् दोन्ही वेळचे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा, मोबाईलमधी फोटो काढून ठेवला तर अजून चांगलं.