स्वतःला स्पर्शणाऱ्या आंतरराष्ट्रीय सीमा

दोन देशांमधील सीमारेषा वळसा घेऊन पुन्हा स्वतःच्याच एखाद्या बिंदूवर येऊन मिळते, तेव्हा ती स्वतःला स्पर्शते असे म्हणतात. अशा बिंदूभोवती जमिनीचे चार कोपरे असतात, पण देश दोनच. बुद्धिबळाच्या पटावरील घरांप्रमाणे समोरासमोरचे कोपरे एकाच देशाचे. ठाण्याहून मुलुंड चेकनाका ओलांडणाऱ्याला हद्द म्हणजे नाका, रस्ता, पाटी अशी ऐसपैस जागा वाटते. भूमितीतील हद्दीला मात्र रुंदी नसते, आणि या सीमांचा सारा पेच त्यातूनच उद्भवतो.

सर्वांत स्पष्ट उदाहरण ऑस्ट्रियातील युंगहोल्झ या गावाचे आहे. तिरोल प्रांतातील हे गाव जर्मनीच्या बव्हेरियाने वेढलेले असून उर्वरित ऑस्ट्रियाशी ते सोर्गश्रोफेन या सुमारे 1,636 मीटर उंचीच्या शिखरावर केवळ एका बिंदूत जोडलेले आहे. तेथे सीमा स्वतःला नुसती स्पर्शते की छेदते, याचे उत्तर चालणाऱ्यावर अवलंबून आहे. ऑस्ट्रियाला सतत उजव्या हाताला ठेवून पश्चिमेकडून आलेला माणूस शिखरावर डावीकडे वळतो, गावाला पूर्ण वळसा घालून परत येतो आणि पुन्हा डावीकडे वळून पूर्वेकडे निघतो. त्याच्या लेखी सीमेने सीमेला फक्त स्पर्श केला. तोच माणूस शिखरावर सरळ पुढे गेला, तर रेषा स्वतःला छेदते, पण गाव त्याच्या डाव्या हाताला येते. नकाशावर मात्र दोन्ही वाटा सारख्याच दिसतात. बिंदूवरून रस्ता नेता येत नसल्यामुळे गावात मोटारीने जायचे तर जर्मनीतूनच जावे लागते; 1868 पासून हे गाव जकातीच्या बाबतीत जर्मन बाजूशी जोडले गेले, ते याच अडचणीपोटी.

नेदरलँड्समधील बार्ले येथे बेल्जियमचे 22 तुकडे विखुरलेले आहेत आणि त्यांतील दोन एकमेकांना एका बिंदूत टेकतात. बेल्जियमच्या या तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे सात तुकडे आहेत. ही गुंतागुंत मध्ययुगीन सरंजामदारांमधील जमिनींच्या वाटपातून आली. आपल्याकडील सातबारा उताऱ्यावरील गट पुढे राष्ट्रांच्या हद्दी झाले असते, तर काय झाले असते, याची कल्पना त्यावरून येते. सीमा घरांमधूनही जात असल्याने घर कोणत्या देशाचे हे पुढील दार कोणत्या बाजूस उघडते त्यावरून ठरवण्याचा प्रघात आहे.

पोटातल्या पोटातील तुकड्यांची परिसीमा कूचबिहारच्या छिटमहालांत, म्हणजे दुसऱ्या देशाने वेढलेल्या तुकड्यांत, झाली होती. बांगलादेशात भारताचे 111 आणि भारतात बांगलादेशाचे 51 तुकडे होते. दहाला खगराबाडी हे भारतीय शेत बांगलादेशी तुकड्यात, तो तुकडा भारतीय तुकड्यात आणि तो भारतीय तुकडा बांगलादेशात, अशी तेथील रचना होती. 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री दोन्ही देशांनी हे तुकडे अदलाबदलीने मिटवले. दहाग्राम-आंगरपोता मात्र बांगलादेशाकडेच राहिले. तेथे जाण्यासाठी भारताच्या हद्दीतील तीन बिघा हा चिंचोळा मार्ग वापरावा लागतो.

ठाणे जिल्ह्याला असला प्रश्न परका नव्हता. पालघर 2014 मध्ये वेगळा होईपर्यंत दादरा व नगर हवेलीची हद्द या जिल्ह्याला लागून होती. पोर्तुगीज अमलात दादरा आणि नगर हवेली हे दोन सुटे तुकडे असून त्यांच्यामध्ये भारतीय भूमी होती. 1954 मध्ये ते मुक्त झाल्यावर पोर्तुगालने भारतीय भूमीतून जाण्याच्या हक्कासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. न्यायालयाने 1960 मध्ये निकाल देताना खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता 1954 सालचा हक्क मान्य केला, सशस्त्र दलांसाठी तो नाकारला आणि भारताने आपले दायित्व मोडले नसल्याचेही म्हटले. आंतरराष्ट्रीय हद्द पुढे इतिहासजमा झाली. नगर हवेलीने वेढलेले मघवाळ हे गाव मात्र आजही गुजरातचे आहे.