एम. ए. अर्थशास्त्र, दिल्ली विद्यापीठ: पात्रता, कागदपत्रे आणि दोन टप्प्यांतील अर्ज

समष्टी अर्थशास्त्राचा, म्हणजे संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या अर्थशास्त्राचा, प्रगत सैद्धांतिक अभ्यास करू इच्छिणारे महाराष्ट्रातील अनेक पदवीधर दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा विचार करतात. १९४९ साली स्थापन झालेल्या या संस्थेतील एम. ए. अर्थशास्त्राचा प्रवेश दिल्ली विद्यापीठामार्फत आणि सीयूईटी-पीजी या सामायिक परीक्षेच्या गुणांवर होतो. मात्र परीक्षेचा अर्ज भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असे मानून बसणाऱ्यांची संधी हमखास हुकते. राष्ट्रीय चाचणी संस्थेकडे (एनटीए) परीक्षेसाठी करायची नोंदणी आणि त्यानंतर विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश संकेतस्थळावर करायची नोंदणी हे दोन वेगळे अर्ज आहेत. त्यांचे शुल्क वेगळे आणि मुदतीही वेगळ्या असतात.

परीक्षेला वयोमर्यादा नाही आणि पदवीच्या अंतिम वर्षात असलेले विद्यार्थीही तिला बसू शकतात. परीक्षेला बसण्याची मुभा आणि अभ्यासक्रमाला प्रवेश मिळण्याची पात्रता या मात्र निरनिराळ्या बाबी आहेत. पदवीत कोणते विषय हवेत आणि किमान किती टक्के हवेत, हे एनटीए ठरवत नाही, विद्यापीठ ठरवते. त्यामुळे शुल्क भरण्याआधी त्या वर्षीच्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेतील पात्रतेचे पान वाचणे आवश्यक आहे.

नियमांतील पात्रतेइतकीच गणिताची तयारी महत्त्वाची आहे. पदवीला व्याजदर आणि उत्पन्न यांचा मेळ दाखवणाऱ्या आयएस-एलएम आकृत्यांवर भागते. पदव्युत्तर वर्गात सोलोचे आर्थिक वाढीचे प्रारूप मागे टाकून कुटुंबे बचत कशी ठरवतात हे मांडणारे रॅम्से-कास-कूपमन्स प्रारूप, सॅम्युएल्सन (१९५८) आणि डायमंड (१९६५) यांची परस्परव्यापी पिढ्यांची (तरुण व वृद्ध पिढ्या एकाच काळात असणारी) प्रारूपे, तसेच धोरण बदलले की लोकांचे वागणेही बदलते ही लुकास यांची १९७६ ची टीका आणि किडलँड-प्रेस्कॉट यांचे व्यापारचक्रांवरील १९८२ चे काम यांकडे जावे लागते. कुटुंब आज किती खर्च करते आणि उद्यासाठी किती राखते, हे तेथे ऑयलर समीकरणाने मांडले जाते. ते सोडवण्यासाठी कलनशास्त्र, इष्टतमीकरण आणि अवकल समीकरणे हाताशी असावी लागतात. बारावीनंतर गणित सोडलेल्या विद्यार्थ्याने अर्ज करू नये असे नाही, पण प्रवेशाआधीचे काही महिने त्यासाठी राखून ठेवावेत, हे बरे.

एनटीएच्या अर्जात अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका निवडावी लागते. २०२५ च्या परीक्षेत ७५ प्रश्नांसाठी ९० मिनिटे होती, प्रत्येक बरोबर उत्तरास ४ गुण मिळत होते आणि चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होत होता. प्रश्न इंग्रजी व हिंदीत असतात. मराठीचा पर्याय नाही. त्यामुळे मराठी माध्यमातून पदवी घेतलेल्यांनी परिभाषा इंग्रजीतून पक्की करून घ्यावी.

अर्जातील नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरावे. आपल्याकडे हा तपशील अडचणीचा ठरतो, कारण दहावीच्या कागदपत्रांवर बहुधा आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी असते, तर आधार कार्डावर स्वतःचे नाव आधी येते. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत आणि तफावत असल्यास ती अर्ज सुरू होण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी. दुरुस्तीसाठी नंतर काही दिवस मिळतात खरे, पण त्यांत प्रत्येक रकाना बदलता येतो असे नाही.

सर्वाधिक काळजी राखीव प्रवर्गांच्या कागदपत्रांत घ्यावी लागते. केंद्रीय विद्यापीठात अनुसूचित जातींना १५ टक्के, अनुसूचित जमातींना ७.५ टक्के, इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के जागा असतात. राज्यातील विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग किंवा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हे प्रवर्ग तेथील अर्जात नसतात. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत असल्यास केंद्रीय नमुन्यातील, चालू आर्थिक वर्षाचे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र घ्यावे. राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र तेथे चालत नाही. जात केंद्राच्या कोणत्याच यादीत नसल्यास ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा, मार्ग उरतो. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी हवे, पण पाच एकर किंवा अधिक शेतजमीन असल्यास उत्पन्न कितीही कमी असले तरी अर्जदार अपात्र ठरतो. मराठवाड्यातील कोरडवाहू पाच एकरांना आणि बारमाही बागायतीला एकच माप लावणारा हा नियम अन्यायकारक वाटतो, तरी तो आज लागू आहे. ही प्रमाणपत्रे महसूल कार्यालयातून मिळतात आणि निकालानंतर तेथे गर्दी होते, म्हणून नवे आर्थिक वर्ष सुरू होताच अर्ज करावा.

निकाल लागल्यावर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परीक्षेचा अर्ज क्रमांक देऊन नोंदणी करायची, अभ्यासक्रम आणि विभाग वा महाविद्यालये यांचा पसंतीक्रम भरायचा आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका व प्रवर्गाचे प्रमाणपत्र अपलोड करायचे. गुणपत्रिकेवर केवळ श्रेणी असल्यास तिचे टक्क्यांत रूपांतर दाखवणारे आपल्या विद्यापीठाचे पत्र आधीच मागून ठेवावे. जागा मिळाल्यास ती ठरलेल्या मुदतीत स्वीकारावी लागते. विभागाने कागदपत्रे तपासून मंजुरी दिल्यावर शुल्क भरले की प्रवेश निश्चित होतो. मुदतीत न स्वीकारलेली जागा हातची जाते. स्थलांतर प्रमाणपत्र मूळ विद्यापीठाकडून मिळण्यास वेळ लागतो, म्हणून पदवीचा निकाल हाती येताच त्यासाठी अर्ज द्यावा.