ग्रिम बंधूंच्या जर्मन लोककथा मूळ रूपात वाचणे

याकोब ग्रिम (१७८५–१८६३) आणि विल्हेल्म ग्रिम (१७८६–१८५९) या दोन भावांनी गोळा केलेल्या जर्मन लोककथा नंतरच्या बालपुस्तकांमधून किंवा कार्टून सिनेमांमधून न वाचता, त्यांच्या स्वतःच्या आवृत्त्यांमधून, त्यातही शक्यतो १८१२ आणि १८१५ च्या पहिल्या आवृत्तीतून वाचणे. पुस्तकाचं नाव 'किंडर उंड हाउसमेर्शेन', म्हणजे मुलांच्या आणि घरातल्या कथा, पण नावात मुलं असली तरी पहिली आवृत्ती काही मुलांसाठी सजवलेली नव्हती. त्यात चित्रं नव्हती, उलट मागे अभ्यासकांसाठी टिपा होत्या. पहिल्या खंडात ८६ कथा, दुसऱ्यात ७०. काम चाललं होतं जर्मनीतल्या कासल शहरात, आणि तेव्हा तिथे नेपोलियनच्या भावाचं राज्य होतं, त्यामुळे आपल्या भाषेतलं जुनं सगळं हरवायच्या आत लिहून ठेवावं ही तळमळ या दोघांच्या कामात सगळीकडे दिसते.

मूळ रूप म्हटलं की लोकांना फक्त रक्तपात आठवतो. रक्तपात आहेच, पण खरा धक्का वेगळीकडे बसतो. आपण जिला हिमगौरी म्हणतो तिची गोष्ट घ्या. १८१२ च्या पाठात तिच्या जिवावर उठलेली राणी सावत्र नाही, सख्खी आई आहे, जिने स्वतःच बर्फासारखी गोरी मुलगी मागितली होती तीच. मुलगी सात वर्षांची होते, आरसा तिला जास्त सुंदर म्हणतो आणि आई शिकाऱ्याला तिचं फुफ्फुस आणि यकृत आणायला सांगते. शिकारी रानडुकराच्या पिल्लाचं आणून देतो, आणि राणी ते मिठात शिजवून खाते, पोटच्या मुलीचं समजून. शेवटी राजपुत्राचं चुंबन वगैरे काही नाही. मेली समजून तिला ठेवलेली काचेची पेटी सतत इकडून तिकडे उचलून न्यावी लागते म्हणून एक नोकर वैतागतो, मुलीला उठवून बसवतो आणि पाठीत एक रट्टा घालतो, त्याने घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो आणि ती जिवंत होते. लग्नात राणीला विस्तवात लाल केलेल्या लोखंडी सपाता घालून मरेपर्यंत नाचावं लागतं. ही शिक्षा शेवटच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहिली. पण आई मात्र १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतच सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या बाबतीतही तेच, घरात खायला काही उरलं नाही म्हणून पोरांना जंगलात सोडून येऊ असं नवऱ्याला सांगणारी बाई आधी त्यांची आईच होती, १८४० च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. माझ्या मते सगळ्या बदलांमधला सर्वात मोठा बदल हाच. भुकेने आणि मत्सराने सख्खी आईसुद्धा उलटू शकते हे या कथा सांगत होत्या, ते काढून टाकलं आणि सगळा दोष सावत्र आई नावाच्या एका ठरलेल्या पात्रावर ढकलला गेला.

हे बदल करणारा माणूस बाहेरचा नव्हता. १८१९ पासून संपादनाचं बहुतेक काम विल्हेल्मने केलं आणि वाक्यं गोड करणं, संवाद वाढवणं, धार्मिक सूर आणणं हे सगळं त्याच्याच हातचं आहे. शरीरसंबंधांचा उल्लेख त्याला खटकायचा. १८१२ ची मनोऱ्यात कोंडलेली रापुन्झेल तिला कोंडणाऱ्या परीला निरागसपणे विचारते की माझे कपडे एवढे घट्ट का व्हायला लागलेत, बसतच नाहीत, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की पोरगी गरोदर आहे. नंतरच्या पाठात ती विचारते की तुला वर ओढायला राजपुत्रापेक्षा जास्त जड का जातं, जे जरा भोळसटच वाटतं. गंमत म्हणजे पुढे तिला जुळी मुलं होतात ते मात्र शेवटपर्यंत राहिलं.

हिंसेचं मात्र उलटं झालं, ती कमी झालीच नाही, काही ठिकाणी वाढली. आशेनपुटेल म्हणजे जर्मन सिंड्रेला, तिच्या बहिणींपैकी एक बुटात पाय बसावा म्हणून टाच कापते आणि दुसरी पायाची बोटं, हे पहिल्यापासून आहे, पण कबुतरं त्या बहिणींचे डोळे फोडतात हा शेवट १८१२ मध्ये नाही, तो १८१९ ला आला. रुम्पेलश्टिल्झखेन पहिल्या आवृत्तीत रागाने निघून जातो आणि परत येत नाही, स्वतःला मधोमध फाडून घेतो ते नंतरचं. त्यामुळे जितकं जुनं तितकं क्रूर हा समज चुकीचा आहे. दुष्टाला शिक्षा होत असेल तर कितीही क्रूर चालेल असा विल्हेल्मचा हिशोब दिसतो.

एक गोष्ट मात्र त्याला पूर्णच काढावी लागली, मुलं खाटीक-खाटीक खेळतात ती. तिच्या दोन कथा १८१२ मध्ये आहेत. पहिलीत लहान मुलं खेळताखेळता 'डुक्कर' झालेल्या मुलाला खरंच मारतात, आणि एक म्हातारा न्यायाधीशाला सुचवतो की एका हातात सफरचंद आणि दुसऱ्यात नाणं धर, पोराने सफरचंद घेतलं तर सोडून दे. पोरगं हसत सफरचंद घेतं आणि सुटतं. दुसरीत सुटका नाही, अर्ध्या पानात अख्खं कुटुंब संपतं. लेखक आखिम फॉन आर्निम, जो या भावांचा मित्र होता, त्याने यावर आक्षेप घेतला तेव्हा विल्हेल्मने कळवलं की ही गोष्ट मला आईनेच सांगितली होती आणि त्यामुळे मी खेळताना जपून वागायला शिकलो. तरीही १८१९ मध्ये ती गेली.

'मूळ' शब्द तरी कुठपर्यंत ताणायचा हा प्रश्न आहेच. खेड्यापाड्यात फिरून शेतकऱ्यांकडून गोष्टी गोळा केल्या ही प्रतिमा बरीचशी खोटी आहे. सांगणारे बरेचसे कासलच्या आसपासच्या सुशिक्षित घरातले होते, विल्ड आणि हासेनप्फ्लुग कुटुंबातल्या तरुण मुली, शिवाय डोरोथिआ फीमान नावाची बाई, जी खानावळवाल्याची मुलगी होती. हासेनप्फ्लुग आणि फीमान यांची मुळं फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंट लोकांत होती. रापुन्झेल तर एका छापील जर्मन कथेतून घेतलेली आहे आणि तिचं मूळ फ्रेंच. 'बूट घातलेलं मांजर' आणि 'निळ्या दाढीचा सरदार' या कथा फारच फ्रेंच वाटल्या म्हणून नंतर काढल्या. १८१२ च्याही मागे जायचं तर १८१० चं हस्तलिखित आहे, भावांनी ते कवी क्लेमेन्स ब्रेन्टानोला पाठवलं, त्याने परत केलंच नाही, आणि पुढे ते अल्सासमधल्या ओलेनबर्ग मठात सापडलं. त्यातल्या गोष्टी कधी कधी नुसत्या टिपणासारख्या तुटक आहेत, आणि ते वाचलं की १८१२ चा पाठसुद्धा किती घडवलेला आहे ते कळतं.

सौम्य करण्याचं मोठं काम इंग्रजीतही झालं. एडगर टेलरच्या १८२३ च्या भाषांतरात बेडूक तीन रात्री राजकन्येच्या उशीवर झोपतो आणि राजपुत्र होतो, जर्मन पाठात मात्र ती वैतागून त्याला भिंतीवर आपटते. हे भाषांतर इतकं खपलं की ग्रिम बंधूंनी स्वतः १८२५ मध्ये ५० निवडक कथांची सचित्र छोटी आवृत्ती काढली, आणि घराघरात गेली ती हीच.

न गाळलेल्या कथांमध्ये सर्वात ताकदीची 'माखान्डेलबोम', जुनिपरच्या झाडाची. सावत्र आई पेटीचं झाकण आपटून मुलाचं मुंडकं तोडते, मांस शिजवते, बाप नकळत खातो आणि अजून वाढ म्हणतो. हाडं झाडाखाली पुरली जातात, पक्षी होऊन मुलगा सगळ्यांना ते गाऊन सांगतो. चिलया बाळाची गोष्ट ऐकत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला मूल मारून शिजवण्याचा प्रसंग नवा नाही, फक्त तिथे अतिथी म्हणून आलेल्या शंकराच्या परीक्षेसाठी आईबाप स्वतः ते करतात आणि बाळ परत मिळतं, इथे देव नाही, घरातलाच द्वेष आहे.

पूर्ण संग्रह वाचताना 'काट्यातला ज्यू' ही कथाही समोर येते, आणि ती उघड ज्यूद्वेषी आहे. आताच्या निवडक पुस्तकांत ती बहुतेक नसते. ती टाळून संग्रहाचं चित्र पूर्ण होत नाही, पण तिचा पुढचा इतिहास, नाझी काळात या कथांचा झालेला वापर, माहीत असूनच ती वाचायला हवी.

वाचायला सुरुवात करताना दोन पाठ शेजारी ठेवणं सगळ्यात चांगलं, १८१२–१५ चा आणि १८५७ चा सातवा, जो भावांच्या हयातीतला शेवटचा. जुनी छपाई फ्राक्टुर नावाच्या जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरांत आहे, त्यांची सवय व्हायला थोडा वेळ जातो, पण साध्या अक्षरांतल्या आवृत्त्या सहज मिळतात. भाषा सोपी आहे, जर्मनची मधली पातळी झालेल्याला बेडकाची गोष्ट शब्दकोश घेऊन जमते. अडतं ते उत्तरेकडच्या बोलीतल्या कथांना, जुनिपरची त्यातलीच, ती आधी प्रमाण जर्मनमधल्या रूपांतरात वाचून मग मूळ घ्यावी. जर्मन येत नसेल तर जॅक झाइप्स यांनी २०१४ मध्ये पहिल्या आवृत्तीचं पूर्ण इंग्रजी भाषांतर केलंय. भावांनी स्वतः समासात टिपा लिहिलेल्या त्यांच्या प्रती कासलमध्ये आहेत आणि २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्यांचा समावेश आहे.