दवाखान्यातला कॉम्प्युटर कुणी निवडला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणं नेहमीच्या मुदतीप्रमाणे थांबवलं. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित केले. एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि रिसेप्शनवर एक मुलगी एवढ्यावर चालणाऱ्या दवाखान्यापुढे त्यामुळे दोन प्रश्न एकदमच आले. आहे तो कॉम्प्युटर चालवायचा की बदलायचा? आणि बाकावर बसलेल्या पेशंटला ज्या वाय-फायचा पासवर्ड आपण सांगतो, त्याच वाय-फायवरून त्याचे रिपोर्ट फिरू द्यायचे का?

हे प्रश्न अवघड वाटतात, कारण दवाखान्यातली यंत्रणा कुणी एका दिवशी बसून, विचार करून निवडलेली नसते. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या निकडीपोटी एकेक वस्तू आत आली आणि तिथेच राहिली. ती निकड काय होती हे पाहिलं, तर काय बदलायला हवं तेही कळतं.

सुरुवात अर्थातच केसपेपरची. लाकडी खणांत नंबराने लावलेली कार्डं, किंवा पेशंटनेच घरी जपून ठेवलेला आणि येताना पिशवीतून आणलेला कागद. १९८४ च्या संगणक धोरणानंतर आयात सुलभ झाली, पुढे किमती उतरल्या आणि नव्वदच्या दशकात दवाखान्यात कॉम्प्युटर दिसू लागला. तो आला मात्र बिलासाठी आणि लॅबच्या रिपोर्टसाठी, सोबत करकर आवाज करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घेऊन. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात तपकीर गल्लीतून असेंबल करून आणलेलं ते यंत्र डीलरने सुचवलेलं असे, आणि डीलर दुकानदाराला जे सुचवी तेच डॉक्टरांनाही सुचवी. पेशंटची माहिती आणि दुकानाचा हिशोब यांत फरक आहे, हा विचार त्या खरेदीत नव्हता. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत दाखल रुग्णांच्या नोंदी ३ वर्षं ठेवाव्यात, मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात आणि नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असं लिहिलेलं आहे. पण कसला संगणक आणि तो कसा सांभाळायचा, याबद्दल त्या तरतुदीत काही नाही.

वाय-फायची गोष्ट जास्त रंजक आहे, कारण तिचं मूळच दवाखान्याच्या शेजारचं आहे. १९४७ साली अटलांटिक सिटीत झालेल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेने काही रेडिओ-पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी राखून ठेवले. वैद्यक म्हणजे मुख्यतः डायथर्मी, फिजिओथेरपीत स्नायूंना शेक देणारं यंत्र. २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा त्यांतलाच. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही तिथेच चालतो. या यंत्रांचा गोंगाट असल्यामुळे संदेशवहनाच्या दृष्टीने हा पट्टा जवळजवळ टाकाऊ मानला गेला होता. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने त्याच पट्ट्यात विनापरवाना संदेश पाठवायला मुभा दिली, आणि ८०२.११ हे वाय-फायचं मानक १९९७ मध्ये त्यावरच उभं राहिलं. पहिला वेग होता सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ च्या सुधारित आवृत्तीत तो ११ वर गेला. ज्या पट्ट्यात मुळात शेकाची यंत्रं चालायची, त्याच पट्ट्यात आज शेकाच्या खोलीशेजारचा राउटर बोलतो. मायक्रोवेव्ह डायथर्मी चालू असताना नेट अडखळलं, तर त्याचं कारण हे असू शकतं.

भारतात मात्र तो पट्टा लगेच खुला नव्हता. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार बिनतारी उपकरण नुसतं बाळगायलाही परवाना लागे. २.४ गीगाहर्ट्झमधल्या कमी शक्तीच्या उपकरणांना यातून सूट देणारे नियम जानेवारी २००५ मध्ये आले. वाय-फायचा दुसरा, ५ गीगाहर्ट्झचा पट्टा इमारतीबाहेरच्या वापरासह विस्ताराने मोकळा व्हायला २०१८ उजाडलं. म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच दवाखान्यांतले जुने राउटर फक्त २.४ वर चालणारे आहेत. एकाच इमारतीत वर-खाली दहा राउटर असले, की त्या पट्ट्यात किती गर्दी होते हे संध्याकाळच्या ओपीडीच्या वेळी कळतं.

२००५ हे वर्ष महाराष्ट्रासाठी आणखी दोन कारणांनी महत्त्वाचं. बीएसएनएल आणि एमटीएनएलचं ब्रॉडबँड त्याच वर्षी घरोघरी पोचू लागलं, आणि भारनियमनाचा काच वाढला तोही त्याच सुमारास. तासन्‌तास वीज नसताना डेस्कटॉप जड इन्व्हर्टरशिवाय चालत नसे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी होती, आणि २००३ पासून वाय-फाय बसवूनच लॅपटॉप विकले जाऊ लागले होते. भाड्याच्या गाळ्यात भिंती फोडून केबल टाकायला मालक तयार नसे. लॅपटॉप आणि राउटर ही जोडी दवाखान्यात शिरली ती अशी. मला ही निवड त्या काळी चुकीची वाटत नाही. पण वीज सुधारली, गाळे स्वतःचे झाले, तरी केबलचा विचार पुन्हा कुणी केला नाही. एक्स-रे असलेल्या जागी तर ९ इंची विटांच्या किंवा शिशाचा पत्रा लावलेल्या भिंती असतात. त्या क्ष-किरण अडवतात तशाच वाय-फायच्या लहरीही अडवतात, आणि तिथे एक साधी केबल महागड्या राउटरपेक्षा जास्त काम करते.

सुरक्षिततेची जाणीव आली ती एका भीषण प्रसंगाने. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचं तपासात दिसलं. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी बिनपासवर्डचे वाय-फाय शोधण्याची मोहीम घेतली आणि दूरसंचार विभागानेही सूचना काढल्या. तेव्हापासून सगळ्यांनी पासवर्ड लावले. त्यांतले कित्येक डब्ल्यूईपी या पद्धतीचे होते. ती फुटते हे २००१ मध्येच जाहीर झालं होतं, आणि तिची जागा घेणारी डब्ल्यूपीए२ ही पद्धत २००४ पासून उपलब्ध होती. त्याहून मोठा दोष असा राहिला, की मुख्य दाराला कडी लागली पण आतल्या खोल्यांना दारंच बसली नाहीत. पासवर्ड मिळालेला पेशंटचा मोबाइल आणि डॉक्टरांचा कॉम्प्युटर एकाच अंगणात उभे राहिले.

दरम्यान सरकारी फॉर्म ऑनलाइन जाऊ लागले, आणि माझ्या मते छोट्या दवाखान्याला नेटशी बांधून टाकलं ते यांनीच. कोल्हापूर जिल्ह्यात गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी सोनोग्राफी केंद्रांना गरोदर महिलेच्या तपासणीची नोंद असलेला ‘एफ’ फॉर्म २४ तासांत ऑनलाइन भरायला आणि यंत्राला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे तपासण्या नोंदवून ठेवणारं उपकरण जोडायला सांगितलं. रेडिओलॉजिस्टांची संघटना याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २०११ मध्ये न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश उचलून धरले. २०१२ मध्ये क्षयरोगाचा प्रत्येक रुग्ण कळवणं खासगी डॉक्टरांवर बंधनकारक झालं, आणि त्याच वर्षी त्या नोंदींसाठी ‘निक्षय’ ही ऑनलाइन प्रणाली आली. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी व्हिडिओवरची तपासणी नियमात बसवली. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. पेशंटची आरोग्य-ओळख असलेला १४ अंकी आभा क्रमांक आणि रिसेप्शनवरचा क्यूआर कोड त्यातून आला.

प्रत्येक वेळी जुन्याच कॉम्प्युटरवर नवं काम चढलं. सोनोग्राफीला किंवा एक्स-रेला जोडलेल्या कॉम्प्युटरची अडचण तर वेगळीच असते. यंत्राचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालतं, म्हणून तो बदलता येत नाही. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या ‘वॉनाक्राय’ या व्हायरसने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना गाठलं ते दुरुस्त्या न चढवलेल्या अशाच संगणकांमधून. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस ओपीडीची नोंदणी हाताने करावी लागली. एम्सपाशी निदान माणसं होती. आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांपाशी बहुधा एक डीलर असतो, आणि रविवारी त्याचा फोन लागत नाही.

म्हणून आज खरेदीला जाताना किती जीबी रॅम, या प्रश्नाआधी पेशंटचा कागद कुठून कुठे जातो ते बघावं. रिसेप्शन, तपासणीची खोली आणि प्रिंटर जागचे हलत नाहीत. त्यांना केबल द्यावी. वाय-फाय टॅब्लेटसाठी ठेवावं, आणि पेशंटसाठी राउटरमधलंच गेस्ट नेटवर्क वेगळं चालू करावं. यंत्राला जोडलेला जुना कॉम्प्युटर इंटरनेटवरून काढून टाकावा. नवा घ्यायचा तर विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप त्यात आहे का ते विचारावं, आणि चोरी झाली तरी माहिती वाचता येणार नाही अशी डिस्क कुलूपबंद करून घ्यावी. बॅकअप रोज व्हावा आणि त्याची एक प्रत दवाखान्याच्या नेटवर्कपासून तोडलेली असावी.

कायद्याची जबाबदारी तशी नवी नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या एप्रिल २०११ च्या नियमांनीच वैद्यकीय नोंदींना संवेदनशील माहिती ठरवलं होतं, आणि एकट्याने व्यवसाय करणारा डॉक्टरही त्या कायद्याच्या व्याख्येत बसत होता. नव्या कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. खणातला कागदी केसपेपर या कायद्याच्या कक्षेत येत नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने त्याचा फोटो काढून डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवला, की त्या फोटोपासून तो लागू होतो. मुख्य तरतुदींना अधिसूचनेपासून १८ महिन्यांची मुदत आहे. ती मे २०२७ मध्ये संपते.